वीस जणांचा चंदर

चंदर नववीत माझ्या वर्गात होता आणि भूगोलात मी त्याला नापास केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण तो स्वतःच प्रत्येक नव्या पेशंटला ते सांगतो. "ह्या बाईंनी मला नापास केलेलं. आता बघा कुणाच्या हातात आल्यात!" सगळे हसतात आणि तेवढ्यात त्याने दोन्ही सुया टोचलेल्या असतात. समोरच्याला कळतही नाही.

मी शुभा. मुलुंडच्या एका मराठी शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं, शेवटची सहा वर्षं पर्यवेक्षिका होते. किडन्या निकामी होऊन चार वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी साडेबारा ते साडेचार, मी डायलिसिसच्या दोन नंबरच्या पलंगावर असते. केंद्र एका धर्मादाय ट्रस्टचं आहे. तळमजल्यावर आम्ही आणि वर ट्रस्टचाच हॉल. वर मुंजी, साखरपुडे, योगवर्ग चालतात आणि खाली आमचं रक्त धुतलं जातं.

केंद्रात मशीनं आठ. प्रत्येकावर पितळी पट्टी, अमक्याच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, तमक्याच्या पिताश्रींच्या स्मरणार्थ. त्यातली चालतात पाच. उरलेली तीन बिघडलेली नाहीत, चांगली ठणठणीत आहेत, वर प्लास्टिक घालून भिंतीला लावून ठेवलीत. त्यांना चालवायला माणूस नाही. मशीन देणारा दाता मिळतो, त्याला पट्टी लावता येते, फोटो काढता येतो. माणूस देणारा दाता मी अजून पाहिलेला नाही.

पूर्वी चार टेक्निशियन होते. दोघे आखाती देशांत गेले, नमिता आयर्लंडला गेली. उरला चंदर. तो अठराव्या वर्षी इथे वॉर्डबॉय म्हणून लागला, मशीन पुसता पुसता मशीन शिकला, मग ट्रस्टनेच त्याला कोर्सला पाठवलं. आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. भांडुपच्या टेकडीवर राहतो, सकाळी साडेसहाला हजर असतो. सकाळची पाळी, दुपारची पाळी, आठवड्याचे सहा दिवस. संध्याकाळची पाळी दोन वर्षांपूर्वी बंदच केली. एका माणसाने एका वेळी तीन, फार तर चार पेशंट सांभाळावेत असं म्हणतात. चंदर पाच सांभाळायचा. पाच पलंग, दोन पाळ्या, आणि दिवस दोन गटांत वाटलेले, अशी वीस माणसं त्या एकट्याच्या जिवावर जगत होती. तो आजारी पडला तर काय, हा प्रश्न आम्ही कधी मोठ्याने विचारला नाही. एकदा त्याला ताप आला तर तो मास्क लावून, गोळी घेऊन आला आणि आम्ही वीसही जणांनी त्याचं कौतुक केलं. घरी जा, असं एकाने म्हटलं नाही. मीही नाही.

त्याचा एकच हट्ट होता: "हात दिसला पाहिजे." ज्या हाताला सुया लावलेल्या असतात तो हात कधी झाकायचा नाही. एका सुईतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुतलं जातं, दुसरीतून अंगात परत येतं. मिनिटाला पेलाभर. परत येणारी सुई निसटली तर मशीन ते रक्त बाहेरच ओतत राहतं. आमच्या खोलीत एसी गारठवणारा आहे, रक्त बाहेर फिरून येतं म्हणून थंडी आणखी वाजते, आणि माणूस नकळत चादर ओढतो. चंदर येता-जाता ती खाली खेचायचा. मला म्हणायचा, "बाई, वर्गात कॉपी करताना पकडायचात ना, तसं मी पकडतो." त्याच्या या चादर खेचण्याने मी कैकदा वैतागले आहे.

पाच नंबरच्या पलंगावर, अगदी कोपऱ्यात, खंडू असायचा. भांडुप गावातला कोळी, खाडीत मासे मारायचा. पंचावन्न वर्षांचा, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्याला दिवसाला लिटरभरच पाणी प्यायची परवानगी होती आणि तो दर वेळी अंगात साठलेल्या पाण्याचं दोन किलो जादा वजन घेऊन यायचा. "खाडीवरच्या माणसाला पाणी मोजून?" असं म्हणायचा. चंदर त्याला खंडूदादा म्हणायचा आणि शिव्या घालायचा. खंडूची बायको पार्वती त्याला आणून सोडायची, मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची आणि साडेचारला त्याला न्यायला यायची. चार वर्षांत तिने एक वार चुकवला नाही.

आता तो शनिवार.

मुलुंडातल्या एका सामाजिक मंडळाने वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. विषय होता, जगभर आरोग्य कर्मचाऱ्यांची टंचाई आणि आपली जबाबदारी. आठवडाभर फाटकावर फलक होता. भाषणं, आणि शेवटी पाच आरोग्यसेवकांचा सत्कार. त्यात चंदरचं नाव होतं. कार्यक्रम पाचचा, आमची पाळी साडेचारला संपते, सगळं नीट जमत होतं. चंदर स्वच्छ पांढरा शर्ट घरून घेऊन आला होता आणि तो खिडकीच्या गजाला हँगरवर लटकवून ठेवला होता.

पण प्रमुख पाहुण्यांना संध्याकाळी दुसरीकडे जायचं निघालं आणि कार्यक्रम अडीचला आणला. आम्ही पाचही जण तेव्हा मशीनला लागलेले होतो. वर भाषण सुरू झालं, लाऊडस्पीकर असल्याने आम्हाला खाली शब्दन् शब्द ऐकू येत होता. जगात येत्या काही वर्षांत एक कोटीहून जास्त आरोग्य कर्मचारी कमी पडणार, असं कोणीतरी सांगत होतं. खंडू कोपऱ्यातून ओरडला, "एक कोटी? आमाला एक द्या ना!" आम्ही सगळे हसलो. चंदरही हसला.

मग मंडळाच्या दोन बायका खाली आल्या. पेशंटांचाही सन्मान म्हणून प्रत्येकाला एकेक शाल आणली होती. मरून रंगाची, जाडजूड. फार मायेने त्यांनी त्या आमच्या अंगावर पसरल्या, गळ्यापर्यंत, कडा खाली खोचून. "किती गार आहे हो इथे!" म्हणाल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. चार वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा ऊब लागली. चंदर तेव्हा तीन नंबरच्या मशीनची नळी बघत होता.

तेवढ्यात ट्रस्टचा सेक्रेटरी देवव्रत धावत आला. "चंदर, चल लवकर, तुझं नाव घेतायत."

"मी नाय येणार साहेब. पाच जण लावलेत."

"अरे, पाच-सात मिनिटांचं काम. पाहुणे निघायच्या घाईत आहेत."

"त्यांना खाली पाठवा ना मग."

देवव्रत वाईट माणूस नाही. तो जिन्याकडे बघू लागला. आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, तोंड उघडलं.

"जा रे चंदर. आयुष्यात कधी स्टेजवर चढलायस का? शाळेत तर मी तुला चढू दिलं नाही. जा, शर्ट बदल आणि जा."

"बाई, पण..."

"मी आहे ना इथे. मी लक्ष ठेवते. तेहतीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षण केलंय मी. जा म्हटलं ना."

तो गेला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पण नववीतली सवय. बाईंनी जा म्हटलं की जायचं. जाताना सफाईवाल्या नीलामावशींना म्हणाला, "मावशी, काही वाजलं तर मला ओरडून बोलवा." घाईत शर्टाची बटणं लावत, आमच्या अंगावरच्या शालींकडे न बघताच जिना चढला.

मी लक्ष ठेवलं. अगदी मन लावून ठेवलं. पाचही मशीनचे दिवे मला पलंगावरून दिसत होते आणि पाचही हिरवे होते. वर चंदरचं नाव पुकारलं. सव्वीस वर्षांची निःस्वार्थ सेवा वगैरे वगैरे. टाळ्या झाल्या. आम्हीही टाळ्या वाजवल्या, म्हणजे आमच्यासारख्यांना वाजवता येतात तशा, मोकळ्या हाताने पलंगाच्या दांडीवर थापा मारून. कोपऱ्यातून मात्र चक्क टाळ्यांचा आवाज आला. खंडू दोन्ही हातांनी, शालीच्या आत, खणखणीत टाळ्या वाजवत होता. "आपला चंदर, आपला चंदर" म्हणत होता. मला हसू आलं. हा माणूस काही सुधारायचा नाही, असं मनात आलं. सुया लावलेल्या हाताने टाळ्या वाजवतोय हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, कानांवर होतं, आणि माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग तो शांत झाला. मी वळून पाहिलं, डोळे मिटलेले होते. झोपला, म्हटलं. दिवा हिरवाच होता.

चंदर दहा मिनिटांनी खाली आला. खांद्यावर शाल, हातात नारळ, तोंडावर लाजल्यासारखं हसू. दारातच थांबला. आम्हा पाचही जणांना गळ्यापर्यंत झाकलेलं त्याने पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "हात कुठायत?" म्हणून ओरडला. त्याने सरळ कोपरा गाठला, कारण खंडूचा चेहरा पांढरा पडला होता. शाल ओढली. खालची गादी भिजून गेली होती. शाल मरून, जाड, तिच्यावर काही दिसलंच नव्हतं, आणि जमिनीवर थेंब नव्हता.

त्याने मशीन बंद केलं, पलंगाचं डोकं खाली केलं, सलाइन सोडलं, डॉक्टरांना फोन लावायला देवव्रतवर ओरडला. हात भराभर चालत होते, पण तोंडाने तो एकच म्हणत होता, "खंडूदादा, ए खंडूदादा." अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा वर चहा चालू होता. खंडू मोठ्या हॉस्पिटलच्या दारापर्यंतसुद्धा टिकला नाही. साडेचारला पार्वती नेहमीप्रमाणे त्याला न्यायला आली. तिला देवव्रतने सांगितलं. मी पलंगावर होते, मला ऐकू आलं. तिने काय केलं ते मी लिहिणार नाही.

सुई निसटली तर मशीन बोंबलतं असं मला वाटत होतं. नंतर चंदरने सांगितलं, दर वेळी नाही बोंबलत. सुई थोडीच सरकली, चिकटपट्टीने तिथेच धरून ठेवली, तर मशीनला वाटतं सगळं ठीक आहे. "म्हणून तर माणूस लागतो, बाई," म्हणाला. मला लागायला नको म्हणून तो हे हळू आवाजात बोलला. ते मला जास्त लागलं.

पोलीस आले, अपघाती मृत्यूची नोंद झाली. हवालदाराने माझा जबाब घेतला. मी सगळं सांगितलं. शालींचं, टाळ्यांचं, हिरव्या दिव्याचं. "टेक्निशियन स्वतःहून वर गेला का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "त्याला बोलावणं आलं होतं." हे खोटं नव्हतं. पण मी पाठवलं, मी लक्ष ठेवते म्हणाले, हे माझ्या तोंडून निघालं नाही. मुलांच्या खोटेपणावर मी तेहतीस वर्षं छड्या उगारल्या.

त्याच संध्याकाळी ट्रस्टने चंदरला निलंबित केलं. लेखी. मंडळाने शोक व्यक्त केला. तोही लेखी.

सोमवारी दुसरा गट आला आणि दाराला कुलूप बघून परत गेला. मंगळवारी आम्ही चौघे आलो आणि पायऱ्यांवर बसून राहिलो. देवव्रत सकाळपासून फोन करत होता. ठाणे, घाटकोपर, बोरिवली. कुठल्याच केंद्रात जागा नव्हती, आणि टेक्निशियन उसना मागितला तर लोक हसत होते. मी नमिताला आयर्लंडला फोन लावला. ती रडली. मी विचारलं, तुझ्या ओळखीचं कोणी आहे का गं इथे? म्हणाली, "बाई, माझ्या बॅचचं कोणीच तिथे राहिलं नाही. आणि इथेही माणसं कमीच आहेत. म्हणून तर आम्हाला नेलं ना."

बुधवारी मला श्वास लागला. छातीत पाणी भरत होतं, आडवं होता येईना, उशांना टेकून बसून होते. सकाळच्या गटातल्या एकाला हॉस्पिटलात भरती केल्याचं कळलं. माणसाचं निलंबन करायलासुद्धा बदली माणूस लागतो, हे तोवर ट्रस्टच्या ध्यानात आलं होतं. मी देवव्रतला फोन केला. "त्याला परत आण," म्हटलं. "नाहीतर पुढचा सत्कार आमच्या फोटोंचा करावा लागेल." लोक मला म्हणाले, बाई, तुम्ही विद्यार्थ्याच्या पाठीशी उभ्या राहिलात. कसली पाठ आणि कसलं काय. मला श्वास हवा होता.

चंदर तयार नव्हता. मी त्यालाही फोन केला. "बाई, मला नाही जमणार," म्हणाला. "कुणाला सुई लावायची म्हटलं की तो पांढरा चेहरा दिसतो. मला नका बोलवू." मी पलीकडे फक्त धापा टाकत होते. बोलण्याइतका दम नव्हता. त्याने थोडा वेळ ते ऐकलं. "येतो," म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आला. निलंबनाचं पत्र कोणी मागे घेतलं नाही. निलंबन कागदावर आणि चंदर मशीनवर, असं सुरू झालं.

पाच नंबरचा पलंग आठवडाभरही रिकामा राहिला नाही. प्रतीक्षा यादीत अकरा जण होते. पहिली आली अक्षता, सव्वीस वर्षांची. आधी तिथे कोण होतं हे तिने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

खंडूचं तेरावं झालं आणि त्यानंतरच्या गुरुवारी पार्वती आली. आम्हाला मशीन लावून झालं होतं. ती दारात उभी राहिली. चंदर तिच्याकडे गेला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"वहिनी," एवढंच म्हणाला.

"मी बोलायला आलंय, ऐक," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पोलीस मना बोलले, तक्रार लिव. मी नाय लिवली. का नाय लिवली, सांगू? तुला आत टाकला तर ह्यांना मशीन कोण लावल? ह्यांच्या घरी बी माणसं हायत. माजा माणूस जेला, मना ठाऊक हाय ते कसं असतं."

चंदर रडायला लागला. ती थांबली नाही.

"पण तुला माफ केला असा समजू नको. तू त्याला सोडून वर जेलास. इथं दुसरा माणूस येल ना, त्या दिवशी मी चौकीवर जाईन. तवर तू काम कर."

मग मला राहवलं नाही. जे हवालदाराला सांगितलं नव्हतं ते मी पलंगावरून सांगितलं. "पार्वती, त्याला मी पाठवलं. तो नाही म्हणत होता. लक्ष ठेवते म्हणून मी सांगितलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी मास्तरीण," म्हणाली. "तुमाला ते काम येत नाय. त्याला येत व्हतं." आणि निघून गेली. तिने मला एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी चंदरने देवव्रतला जाहिरात द्यायला लावली. डायलिसिस टेक्निशियन पाहिजे, त्वरित. एक प्रत फाटकावर स्वतः चिकटवली. जुन्या सोबत्यांना, आखातातल्या दोघांना, नमितालाही निरोप धाडले, परत या. रोज पाळी संपली की ऑफिसात जाऊन विचारतो, "कोणी अर्ज केला का?" देवव्रतला वाटतं हा कामाच्या ताणाला कंटाळलाय. तो त्याला धीर देतो, येईल रे कोणीतरी.

एक दिवस सुया लावत असताना मी त्याला विचारलं, "अरे, तो आला की तू आत जाणार. कळतंय ना तुला?"

"कळतंय, बाई."

"म्हणजे आम्हाला पुन्हा एकच माणूस."

"हो, एकच." त्याने पट्टी नीट दाबली, हात दोनदा तपासला. "पण बाई, मला हे एकट्याला आता झेपत नाही. पाच जण लावले की दर मिनिटाला पाच वेळा मरतो मी. येऊ दे कोणीतरी. चौकीवर जायचं तर जाऊ."

गेल्या शनिवारी तीन महिने झाले. फाटकावरची जाहिरात उन्हाने पिवळी पडली म्हणून त्याने नवी लावली. अर्ज एकही आलेला नाही.